घरातले सगळे दिवे एकदम एलईडी करावेत, की जळेल तसा एकेक बदलावा?

सुमेधा_क
नमस्कार मंडळी. सांगलीला आईबाबांच्या घराचं रंगकाम काढलंय. त्यानिमित्ताने वायरमनही येणारच आहे, तर सगळे दिवे एका दमात बदलून टाकावेत असं माझ्या मनात आहे. घर जुनं, कौलारू, वर माडी. सोपा, स्वयंपाकघर, मधली खोली आणि माडी इथे जुन्या जाड ट्यूब आहेत, तांब्याच्या चोकवाल्या. बाथरूम, कोठीची खोली, जिना इथे साठचे पिवळे बल्ब. देवघरात आणि अंगणात सीएफएल. शिवाय मधल्या खोलीत रात्रभर चालणारा लाल झिरोचा बल्ब, तो आमच्या लहानपणापासून आहे.

बाबांचं म्हणणं, चांगला चालणारा दिवा काढून टाकणं म्हणजे पैशाचा माज. जळेल तेव्हा बदलू. आईला पांढरा उजेड नको, तिला दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. भाऊ म्हणतो, दिव्यात वाचून वाचून वाचणार किती, त्यापेक्षा गिझरचं बघा. तिघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून इथे विचारतेय. बिल एरवी महिन्याला १८० ते २०० युनिटचं येतं, उन्हाळ्यात वाढतं. कुणी अख्ख्या घराचे दिवे बदललेत का? खरंच फरक पडला का?

बंडूनाना
पहिला! आता या धाग्यावर चेष्टा केली तर 'दिवे घ्या' (म्हणजे हलकं घ्या) म्हणायचीही पंचाईत. लोक वॅट विचारतील.

वीजमोजणी
ताई, 'सगळे बदलू' आणि 'जळेल तसा बदलू' या दोन्हींच्या मध्ये तिसरा मार्ग आहे. जो दिवा जास्त तास चालतो तो आधी बदला, बाकीचे राहू द्यात.

हिशेब बघा. जुनी ४० वॅटची ट्यूब, वर चोक खातो ते साधारण १२ वॅट. म्हणजे मीटरला ५२ दिसतात. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लावली की ३२ वॅट वाचले. सोप्यातली ट्यूब संध्याकाळपासून झोपेपर्यंत ६ तास चालत असेल तर महिन्याला पावणेसहा युनिट. आता कोठीतला साठचा बल्ब घ्या. ९ वॅटचा एलईडी लावला की ५१ वॅट वाचले, ट्यूबपेक्षा जास्त! पण कोठीत दिवसातून दहा मिनिटं दिवा लागतो. महिन्याला पाव युनिट. तो बल्ब बाबांच्या म्हणण्याप्रमाणे जळेपर्यंत खुशाल राहू द्या.

अजून एक. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या दुपटीहून जास्त. तुमचं बिल १८०-२०० चं आहे म्हणजे जे युनिट वाचेल ते वरच्या टप्प्यातलं, महागातलं वाचेल. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असतंच, तेही वाचतं. दहा रुपये युनिट धरलं तरी सोप्यातली ती एक पट्टी महिन्याला पन्नास-साठ रुपये वाचवते. पट्टी बाजारात दोनशे ते अडीचशेला मिळते. चार-पाच महिन्यांत वसूल.

बाबांना एवढंच सांगा की ट्यूब तासभर चालू ठेवून मग चोकला हात लावून बघा. तो जो चटका बसतो ना, त्याचंही बिल आपण भरतो.

आरती_डों
वीजमोजणी, चोकला हात लावायला काय सांगताय ज्येष्ठ नागरिकांना!

वीजमोजणी
बरं, हात जवळ न्या. :)

माजघर
सुमेधा, सगळ्यात आधी तो लाल झिरो काढ. नावाला झिरो, खातो १२ ते १५ वॅट. पूर्वीच्या चाकाच्या मीटरांना एवढा बारीक भार नीट नोंदवता यायचा नाही, म्हणून लोकांनी समजून घेतलं की हा फुकटात जळतो. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर थेंब थेंब मोजतात. रात्री नऊ-नऊ तास जळतो म्हणजे महिन्याला चार युनिट गेले की. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प मिळतो, वर्षाला दोन युनिटसुद्धा खात नाही.

आमच्याकडे सासूबाईंना त्याच लाल उजेडाची सवय. लाल काचेचाच एलईडी मिळाला, लावला, त्यांना कळलंही नाही. एकदा धूळ पुसताना हाताला गरम लागला नाही तेव्हा म्हणाल्या, "हा बंद पडलाय का गं?"

बंडूनाना
पाव युनिट, चार युनिट, दोन युनिट... अहो, वीजबिल आहे की वाण्याची यादी?

शंकाखोर
सगळे गोड बोलतायत तर जरा कडू बोलतो. एलईडी २५,००० तास चालतो असं खोक्यावर छापतात. माझ्याकडे एका नावाजलेल्या कंपनीचे घेतले होते, वर्ष व्हायच्या आत त्यातले बरेच लुकलुकायला लागले आणि मेले. आजोबांच्या घरातला पिवळा बल्ब मात्र मी शाळेत असल्यापासून चालू होता. जुन्या वस्तू टिकायच्या, आताच्या मुद्दाम मरायला बनवतात. याचा पुरावाही आहे. १९२४ मध्ये जगातल्या मोठमोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं की बल्ब १,००० तासांवर टिकता कामा नये. जास्त टिकला तर दंड! वाचा फीबस कार्टेलबद्दल. तेच लोक आता एलईडी विकतायत.

वीजमोजणी
@शंकाखोर, फीबस कार्टेल खरं आहे, त्यात वाद नाही. पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. तारेचा बल्ब टिकवायचा तर तार कमी तापवावी लागते आणि कमी तापलेली तार उजेड कमी देते, वीज मात्र पीत राहते. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा बल्ब आहे, सगळे त्याचंच उदाहरण देतात. तो आज उजेड किती देतो? चार वॅटच्या नाइट लॅम्पएवढा. तुम्ही वाचाल का त्याखाली पेपर?

आजोबांच्या घरी व्होल्टेज कमी असणार, हे मी पैजेवर सांगतो. १८० व्होल्टवर पिवळा बल्ब वर्षानुवर्षं जगतो. तांबूस दिसायचा ना?

शंकाखोर
तांबूस दिसायचा. पण टिकायचा!

टेस्टर
वायरिंगची कामं करतो, रोज असले मेलेले बल्ब हातात येतात, म्हणून सांगतो. एलईडी बल्ब मरतो तेव्हा आतली चिप क्वचित गेलेली असते. जातो तो ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचं चिपला झेपेल असं करून देणारं खालचं सर्किट. त्यात एक पिंपासारखा छोटा कॅपेसिटर असतो. त्याला उष्णता सोसत नाही. फुगतो, मग बल्ब लुकलुकतो, मग संपला. शंकाखोर साहेब, तुमचे बल्ब काचेच्या बंद घुमटात लावले होते का? छताला चिकटलेले ते दुधी घुमट असतात ना, त्यात हवा खेळत नाही. तिथे २५,००० तासांचं विसरा. आणि हो, ते २५,००० म्हणजे उजेड सत्तर टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. तोवर ड्रायव्हर जगेल असं कुणी लिहून देत नाही.

ग्राहकांना मी तीन-चार गोष्टी बघायला सांगतो. हातात घेतल्यावर बल्बला थोडं वजन पाहिजे, म्हणजे आत ॲल्युमिनियम आहे. अगदी फुलासारखा हलका असेल तर ठेवून द्या. खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा आर-नंबर पाहिजे. व्होल्टेजचा पल्ला १०० ते ३०० असा मोठा लिहिलेला बरा. आणि पावती घ्या! दोन वर्षांची वॉरंटी असते आणि लोक पावती कचऱ्यात टाकतात. दुकानदार तारीख लिहून देतो, बल्बवरच पेनाने लिहून घ्या.

शंकाखोर
@टेस्टर, घुमटातच होते. :( पण मग खोक्यावर 'बंद घुमटात लावू नये' हे मोठ्या अक्षरात छापायला काय जातं?

टेस्टर
छापतात की. मुंगीच्या अक्षरात.

आरती_डों
सुमेधाच्या आईच्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाहीये. काकू, पांढरा नको असेल तर एलईडीमध्येही पिवळा येतो. खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं. २७०० किंवा ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. ४००० मधला, सकाळच्या उन्हासारखा. ६५०० म्हणजे तो निळसर पांढरा, ज्याने माणूस आजारी दिसतो. आपल्याकडे दुकानात नुसतं "एलईडी द्या" म्हटलं की दुकानदार डोळे मिटून ६५०० हातात ठेवतो, कारण गिऱ्हाइकाला पांढरा म्हणजे जास्त उजेड वाटतो.

आमच्याकडे ओट्यावर ४०००, बाकी घरात ३०००. देवघरात २७००. समईच्या ज्योतीशेजारी ६५०० चा दिवा लावून बघा, ज्योत बिचारी मळकट दिसते.

आणि साड्यांचं मॅचिंग करणाऱ्या भगिनींनो, खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. ८० च्या खालचा घेऊ नका, ९० मिळाला तर कपाटाशेजारी तोच लावा. स्वस्त एलईडीखाली मोरपंखी आणि निळा यांतला फरक मला कळेनासा झाला होता. टोमॅटो तर कायम कालचा वाटायचा.

बंडूनाना
म्हणजे ६५०० चा दिवा घेतला की नवरा आजारी दिसतो आणि बायको साडी परत करायला जाते. एकूण खर्च वाढला की हो!

दूरदेशी
श्टुटगार्टहून. आमच्याकडे हा प्रश्न सरकारनेच सोडवला. युरोपात २००९ पासून पिवळे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद होत गेले, सप्टेंबर २००९ मध्ये शंभर वॅटचे आणि २०१२ पर्यंत उरलेले. जर्मन म्हाताऱ्यांनी तळघरात बल्बांचे साठे करून ठेवले. २०२३ पासून पाऱ्यामुळे सीएफएल आणि नेहमीच्या ट्यूबही बाजारातून गेल्या.

एक गंमत सांगतो. बंदीनंतर २०१० मध्ये इथल्या एका गृहस्थाने तेच बल्ब 'हीटबॉल' या नावाने विकायला काढले. हा दिवा नाहीच, ही छोटी शेगडी आहे, म्हणे. वीज घेऊन ९५ टक्के उष्णता देते, उजेड पडतो तो दुष्परिणाम समजा. अधिकाऱ्यांना विनोद कळला पण माल अडकवलाच.

खालापूरकर
@दूरदेशी, तुम्ही हसताय पण आम्ही तीच शेगडी रोज वापरतो. माझं लहानसं पोल्ट्री शेड आहे. एक दिवसाची पिल्लं आली की पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, मग आठवड्याला थोडी थोडी कमी करत जायची. गोल पत्र्याचं कुंपण, खाली भाताचा तूस, वर टोपीखाली पिवळे बल्ब. उंची कमीजास्त करून ऊब सांभाळायची. पिल्लं बल्बाखाली एकमेकांवर चढून बसली म्हणजे थंडी लागतेय, कडेला पळून चोच उघडी टाकून बसली म्हणजे गरम होतंय. थर्मामीटर नंतर बघतो, आधी पिल्लं बघतो. तिथे एलईडी काय कामाचा? त्याखाली सकाळपर्यंत निम्मी गारठतील. शंभरचा आणि दोनशेचा बल्ब आता शोधत फिरावं लागतं. दुकानदार वर असं बघतो जणू मी कंदील मागतोय. 

ऊब संपली की मोठ्या पक्ष्यांना मात्र एलईडीच. शेड रात्रभर उजळायची तर पिवळा परवडत नाही.

शेतीवाडी
अवांतरात अवांतर: आमच्याकडे शेवंतीला रात्री बल्ब लावतात. शेवंतीला दिवस लहान झाला की कळी धरते. मध्यरात्रीच्या सुमाराला थोडा वेळ उजेड दाखवला की झाडाला रात्र मोठी झाल्याचं कळतच नाही, नुसतं वाढत राहतं. मग लग्नसराई बघून बल्ब बंद करायचे. पूर्वी वावरभर साठचे आणि शंभरचे बल्ब टांगायचो, ट्रान्सफॉर्मर कण्हायचा. आता एलईडी. पण घरातला पांढरा एलईडी उचलून लावू नका, उजेडात लाल भाग भरपूर असलेला पाहिजे. ड्रॅगनफ्रूटचं उलटं, त्याला दिवस मोठा लागतो. हंगाम सरल्यावर रात्री दिवे लावून त्याला फुलवतात.

चहाबाज
घरातल्या बल्बवरून कोंबडी आणि ड्रॅगनफ्रूट. आता फक्त रस्सा राहिलाय. वाचतोय.

कातळशिल्प
कोकणातून एक मुद्दा, तुमच्या अंगणातल्या दिव्यासाठी. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं निघतात तेव्हा पडवीतल्या ट्यूबवर नुसता थर बसतो. सकाळी सुपाने पंख भरायचे. पडवीत पिवळसर एलईडी लावल्यापासून पाखरं पुष्कळ कमी झाली. कीटकांना अतिनील आणि निळा उजेड ओढतो. ट्यूब आणि सीएफएलमधून थोडा अतिनील निघतो, एलईडीत तो जवळपास नसतो आणि पिवळ्या छटेत निळाही कमी. अगदी शून्य होत नाहीत, पण जेवताना आमटीत तरी पडत नाहीत.

याचा एकच तोटा. आमच्या पडवीतल्या ट्यूबच्या पट्टीमागे एक पाल कायमची राहायला होती, अंधार पडला की बाहेर येऊन पट्टीच्या कडेला मान काढून बसायची. पोट भरेना म्हणून ती शेजाऱ्यांकडे गेली. त्यांच्याकडे अजून सीएफएल आहे.

टेस्टर
सीएफएलचं निघालंय तर एक सांगून ठेवतो. सुमेधाताई, देवघरातला आणि अंगणातला सीएफएल काढाल तो घंटागाडीत टाकू नका. आत थोडा पारा असतो, काही मिलिग्रॅम. जाड ट्यूबमध्येही असतो. तो ई-कचऱ्यात जातो, नगरपालिकेचं किंवा एखाद्या संस्थेचं संकलन असेल तिथे द्या. ट्यूब काढून भिंतीला टेकवून ठेवू नका, पोरं तलवारी खेळतात. फुटलीच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबायचं. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही, त्याने पारा पसरतो. जाड कागदाने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला आणि झाकणाच्या बरणीत भरा.

चोक मात्र वायरमनला फुकट नेऊ देऊ नका. आत तांबं असतं, भंगारवाला वजनावर पैसे देतो. मीच वायरमन आहे म्हणून आतली बातमी सांगतोय.

माजघर
सीएफएलही आपण बचत म्हणूनच आणले होते ना एकेकाळी. २००९ मध्ये केंद्राची बचत लॅम्प योजना निघाली, पिवळा बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या. मग जानेवारी २०१५ पासून उजाला, स्वस्तात एलईडी देणारी सरकारी योजना. वीजबिल आणि ओळखपत्र दाखवून रांगेत उभं राहून बल्ब आणले होते आम्ही. बाहेर तेव्हा तीन-चारशेला मिळायचा. अजून माळ्यावर त्यांचं एक रिकामं खोकं आहे, त्यात मी दसऱ्याच्या रांगोळीच्या पुड्या ठेवते.

वीजमोजणी
@माजघर, त्या योजनेने बाजारच फिरवला. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. एकाच वेळी कोट्यवधींची मागणी नोंदवली की कारखाने भाव पाडतात. ३६ कोटींच्या वर बल्ब गेले त्यातून.

आणि हे शक्य झालं निळ्या एलईडीमुळे. लाल १९६२ पासून होता, हिरवाही आला, निळा काही जमेना. तो नव्वदीच्या सुरुवातीला जपानमध्ये जमला. निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर फासलं की पांढरा उजेड. अकासाकी, अमानो, नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. बंद असलेल्या एलईडी बल्बचं टोपण काढून बघा, आत पिवळे ठिपके दिसतात ते हेच.

टेस्टर
नुसतं बघा हां. चालू असताना आत बोट घालू नका, बऱ्याच बल्बांत ती पट्टी थेट मेन्सला जोडलेली असते, जोरदार झटका बसतो.

शंकाखोर
मुख्य मुद्दा राहिलाच. सुमेधाच्या भावाचं कुणी ऐकणार आहे का? माझ्या मते तोच बरोबर आहे. २ किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास चालवला की महिन्याला ३० युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण ३० वॅटचा. पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. वीस! तुम्ही इथे झिरोच्या बल्बावर पीएचडी करताय.

वीजमोजणी
@शंकाखोर, शंभर टक्के सहमत. (तारीख लिहून ठेवा कुणीतरी.) पण बीएलडीसी पंखा अडीच-तीन हजाराला पडतो, पट्टी सव्वादोनशेला. पंखा पुढच्या उन्हाळ्याआधी घ्या, जो जास्त फिरतो तो. दिवे आता बदला कारण वायरमन आणि शिडी दोन्ही घरात आहेत.

कौलारू घर आहे म्हणून एक वेगळी गोष्ट. ट्यूबचा उजेड चोहोबाजूंनी पडतो, वरचा निम्मा खोलीत परत येतो तो छत पांढरं असलं तर. तुमच्याकडे वर काळे वासे आणि कौलं, तिथे तो उजेड गिळला जातो. एलईडी पट्टी सगळा उजेड खाली टाकते. त्यामुळे खोक्यावर ल्युमेन (उजेडाचं माप) थोडे कमी दिसले तरी तुमच्या सोप्यात उजेड जास्तच वाटेल. पट्टी २,००० ल्युमेनची बघा, बल्ब ८०० ते ९०० चा. वॅट बघून घेऊ नका, ९ वॅटमध्ये ७०० वालाही असतो आणि ९०० वालाही.

मिठाचा_खडा
मध्येच घुसतो, माफ करा. माझा एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही मंद पेटलेला असतो. रात्री खोलीत हिरवट भूत. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. काय कारण?

टेस्टर
@मिठाचा_खडा, मोहऱ्या आमटीत घाला. तीन शक्यता. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून किंचित प्रवाह वाहतो, पिवळ्या बल्बला तो जाणवायचा नाही, एलईडीला पुरतो. दुसरं, लांबच लांब वायरी एकाच पाइपातून शेजारी शेजारी गेल्या असतील तर बंद वायरीतही थोडं व्होल्टेज उतरतं. या दोन्हींत धोका नाही. तिसरं मात्र बघून घ्याच: वायरमनने बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) घातलं असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. पुसताना किंवा बल्ब बदलताना शॉक बसेल. बटण बंद करून जाणत्या माणसाकडून होल्डर तपासून घ्या.

सुमेधाताई, जुन्या घरात हे हमखास सापडतं. वायरमन येईल तेव्हा प्रत्येक बटण फेजवर आहे का ते आधी बघायला सांगा, दिवे नंतर. आणि सगळे बल्ब वरचेवर एकदम जात असतील तर मीटरजवळचं न्यूट्रल ढिलं आहे का तेही. न्यूट्रल सुटलं तर तीन फेजच्या घरात एखाद्या लाइनला चारशेच्या जवळ व्होल्टेज जातं, मग एलईडीच काय टीव्हीही गेला.

सुमेधा_क
बापरे, किती छान माहिती! सगळ्यांचे आभार, खालापूरकरांच्या पिल्लांचेही.

सांगलीला जाऊन आले. टेस्टर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, जिन्याचं आणि बाथरूमचं बटण न्यूट्रलवर होतं. ते आधी सरळ करून घेतलं. चारही ट्यूब काढून पट्ट्या लावल्या, ४००० च्या. स्वयंपाकघरात आईने डाळ निवडायला घेतली आणि म्हणाली, खडे दिसतायत. दवाखान्याचा विषय तिथेच संपला. देवघरात २७०० चा, अंगणात पिवळसर, झिरोच्या जागी अर्ध्या वॅटचा लाल. कोठीतला आणि जिन्यातला साठचा बल्ब बाबांच्या मालकीचा, तो जळेपर्यंत हलणार नाही असा तह झालाय. चोक बाबांनी स्वतः भंगारवाल्याकडे नेले आणि आलेल्या पैशांची भडंग आणली.

बिल यायचंय. पण रंगवाल्यांनी दिवसभर सगळे दिवे आणि पंखे चालू ठेवले होते, त्यामुळे या महिन्याच्या बिलावरून काही ठरवता येणार नाही असं भाऊ आत्तापासूनच म्हणतोय.

वीजमोजणी
मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी पडताळा, आधीच्या महिन्याशी नको. ऑक्टोबर हीटचं बिल डिसेंबरशी लावून 'एलईडीने निम्मं झालं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. युनिट बघा, रुपये नकोत, दर बदलत असतात.

खालापूरकर
ताई, बाबांचे ते साठचे बल्ब कधी उतरवलेच तर फेकू नका. मला कळवा, मी येऊन नेईन.

बंडूनाना
खालापूरहून सांगलीला दोन बल्ब न्यायला गाडी करून येणार. वीज वाचली, पेट्रोलचं काय?

शंकाखोर
नाना, भडंग मिळणार असेल तर मीही येतो. बीएलडीसी पंख्यावर वेगळा धागा काढतोय, तिथे रिमोट हरवण्यावर आधी बोलायचंय.